‘जुलैची तारीख चुकली, आता काय करू?’

पत्र ठाण्याहून आलं आहे. नाव छापू नका असं लिहिलंय, म्हणून त्यांना ‘वधूमाय’ म्हणते. वय 52, बँकेत अधिकारी. पत्र मोठं आहे, त्यातला कामाचा भाग असा:

‘दीड वर्षापूर्वी पहिल्यांदा कपाळाला बोटॉक्स घेतलं. आवडलं. या जानेवारीत क्लिनिकने वर्षाचं पॅकेज दिलं, सहा सिटिंग, दर दोन महिन्यांनी एक. कपाळ, भुवयांमधली आठी आणि डोळ्यांच्या कडा. जानेवारी, मार्च आणि मे, प्रत्येक वेळी 5 तारखेला गेले. जुलैत सासरे दवाखान्यात होते, जमलं नाही. आता क्लिनिकमधून फोनवर फोन. “मॅडम, तुमची तारीख चुकली, आधीचा सगळा परिणाम फुकट जाईल, आता पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.” मला खरंच अपराधी वाटायला लागलंय. 12 डिसेंबरला मुलीचं लग्न आहे. त्यांचं म्हणणं, आता लगेच एक, ऑक्टोबरात एक आणि लग्नाच्या आठवड्यात एक ताजं घ्या, म्हणजे फोटोत चेहरा चमकेल. शिवाय नाकापासून ओठांपर्यंतच्या घड्यांमध्ये गेल्या वर्षी मेमध्ये फिलर घेतलं होतं, तेही पुन्हा भरू म्हणतात. एका दाढेचं रूट कॅनाल बाकी आहे. मुलगी म्हणते, आई, मी पण ओठांना करून घेते. घरात हे फक्त तिलाच माहीत आहे. पावतीवर दर वेळी “फुल फेस, 20 युनिट” असं असतं. बंद केलं तर चेहरा आधीपेक्षा जास्त उतरेल का? मी कधी जाऊ?’

ताई, आधी ते अपराधीपण काढून टाका. तुमची कुठलीही तारीख चुकलेली नाही. दोन महिन्यांची ती तारीख मुळात असायलाच नको होती.

बोटॉक्सचं इंजेक्शन त्वचेत जाऊन सुरकुती पुसत नाही. मज्जातंतूचं टोक स्नायूला ज्या रसायनाने ‘आवळ’ असा निरोप देतं, ते रसायन सुटू न देणं एवढंच त्याचं काम. निरोप गेला नाही की स्नायू सैल राहतो आणि कपाळाला आठी पडत नाही. हा परिणाम तीन-चार दिवसांत दिसू लागतो, दोन आठवड्यांनी पूर्ण होतो आणि साधारण तीन ते चार महिने टिकतो. दरम्यान मज्जातंतू आपल्या परीने वाट काढत असतो. आधी नवे बारीक फुटवे येतात, मग मूळ टोक पुन्हा कामाला लागतं. तीन महिने हा आकडा तिथून आला आहे. कुणाच्या कॅलेंडरशी त्याचा संबंध नाही.

हे औषध सौंदर्यासाठी शोधलेलंही नव्हतं. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट यांनी ते तिरळेपणासाठी वापरून पाहिलं. अमेरिकेत 1989 मध्ये तिरळेपणासाठी आणि पापण्या आपोआप गच्च मिटण्याच्या आजारासाठी त्याला मान्यता मिळाली. पापण्यांच्या उपचारांसाठी येणाऱ्या रुग्णांच्या आठ्या कमी झाल्याचं कॅनडात व्हँकुव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स यांच्या लक्षात आलं. त्यांचे पती अ‍ॅलस्टर त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी मिळून 1992 मध्ये त्यावर लेख प्रसिद्ध केला. आठीसाठी मान्यता आली ती 2002 मध्ये, आणि तेव्हापासून औषधासोबतच्या माहितीपत्रकात एक ओळ आहे: तीन महिन्यांच्या आत पुन्हा देऊ नये. ही ओळ मला तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण जानेवारीपासून तुमच्या बाबतीत ती पाळलीच गेलेली नाही.

घाईघाईने घेतलं तर बिघडतं काय? पहिली गोष्ट, पैसे. स्नायू सैल असतानाच पुन्हा औषध घालून जास्त काही मिळत नाही. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. हे औषध म्हणजे एक परकं प्रथिन आहे. ते पुन्हा पुन्हा, कमी अंतराने, जास्त मात्रेत दिलं तर शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू शकतं आणि मग औषध लागूच पडेनासं होतं. मान एका बाजूला पिळवटून जाण्याच्या आजारात हेच औषध बरंच जास्त प्रमाणात द्यावं लागतं. त्या रुग्णांमध्ये हे पाहिलं गेलं, आणि अंतर ठेवण्याचा नियम त्या अनुभवाने पक्का झाला. चेहऱ्याच्या छोट्या मात्रेत असं क्वचितच होतं, म्हणून घाबरून जाऊ नका. पण क्वचित घडणाऱ्या गोष्टीला मुद्दाम आमंत्रण कशाला द्यायचं? उद्या अर्धांगवायूनंतर हात आखडला किंवा मायग्रेन बळावलं, तर हेच औषध उपचार म्हणून लागू शकतं. ते तेव्हा उपयोगी पडायला हवं.

‘परिणाम फुकट जाईल, पहिल्यापासून सुरुवात’ हे तर साफ खोटं आहे. यात कोर्स पूर्ण करण्यासारखं काही नसतं. अँटिबायोटिकच्या गोळ्या मध्येच सोडू नयेत हे आपल्या मनात पक्कं असतं, आणि फोनवरची मुलगी त्याच भीतीला हात घालते. तिचाही दोष नाही, तिला महिन्याचा आकडा गाठायचा असतो. बोटॉक्स थांबवलं तर स्नायू हळूहळू पूर्वीसारखा हलू लागतो आणि कपाळ पूर्वी जसं होतं तसं होतं. मधल्या काळात वाढलेलं वय तेवढं त्यात मिसळतं. आधीपेक्षा जास्त उतरत नाही. उलट दीड वर्ष आठी कमी पडली, त्यामुळे तिथली रेघ तेवढी कमी कोरली गेली. दीड वर्ष गुळगुळीत कपाळ आरशात पाहिल्यावर जुनं कपाळ परत आलं की ते अनोळखी वाटतं, आणि ‘जास्त उतरला’ असा भास होतो. म्हणून बोटॉक्सच्या आधीचा एखादा फोटो काढून शेजारी ठेवा. नातेवाइकांच्या एखाद्या बारशातला सापडेलच.

आता तुमची पावती. ‘फुल फेस, 20 युनिट’ हे वाचून मी थांबले. मूळ बोटॉक्सच्या माहितीपत्रकात फक्त भुवयांमधल्या आठीसाठी पाच ठिकाणी मिळून 20 युनिट सांगितलेले आहेत. कपाळासाठी आणखी 20, डोळ्यांच्या दोन्ही कडांसाठी मिळून 24. तिन्हीची बेरीज 64 होते. प्रत्येकीला 64 द्यावेत असं मुळीच नाही. भुवया जड असतील तर जाणते डॉक्टर कपाळाला मुद्दाम कमी देतात, नाहीतर भुवया खाली बसतात. कुणाला हलका परिणामच हवा असतो. शिवाय युनिट प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. डिस्पोर्ट नावाच्या औषधात त्याच आठीला 50 युनिट लागतात, त्यामुळे एका कंपनीचे 20 आणि दुसऱ्या कंपनीचे 20 यांची तुलना करता येत नाही. तरीही तीन जागांत मिळून 20 म्हणजे फारच थोडे. इतक्या कमी मात्रेचा परिणाम सहा-आठ आठवड्यांत उतरू लागला तर त्यात नवल नाही.

म्हणजे मला काय दिसतंय सांगू? दोन महिन्यांनी उतरतं म्हणून दोन महिन्यांनी बोलावतात, आणि दोन महिन्यांनी उतरतं कारण दिलंच थोडं जातं. वर्षाला सहा वेळा सुया टोचून घेण्याऐवजी योग्य मात्रेत तीन वेळा घेतलं तर चेहराही बरा राहतो आणि शरीरालाही ते परवडतं. तुमच्या क्लिनिकचा हेतू मला माहीत नाही, त्यावर मी बोलत नाही. पण तीन गोष्टी तुम्ही विचारायलाच हव्यात: औषध कोणत्या कंपनीचं, कोणत्या जागी किती युनिट, आणि बाटलीवरचा बॅच नंबर. हे औषध 2 ते 8 अंश तापमानात ठेवावं लागतं आणि देण्याआधी सलाइनमध्ये विरघळवावं लागतं. बाटली तुमच्यासमोर उघडा असं सांगण्यात भांडकुदळपणा नाही, सोनाराकडे वजनकाटा बघतोच ना आपण. आणि सुई हातात घेणारी व्यक्ती नोंदणीकृत डॉक्टरच हवी. एप्रन घातलेल्या प्रत्येकाला आपण डॉक्टर समजतो, तेवढं एकदा खात्री करून घ्या.

मग आपली तारीख कशी ओळखायची? आरशापुढे बसा. सकाळची वेळ, खिडकीचा उजेड, चेहऱ्यावर काहीही लावलेलं नाही. मोबाइलवर चार फोटो घ्या: एक शांत चेहऱ्याचा, एक रागाने आठी घातलेला, एक भुवया उंचावलेला, एक मनापासून हसलेला. दर पंधरा दिवसांनी हेच चार फोटो, त्याच खिडकीत. इंजेक्शननंतर दोन आठवड्यांनी आठी घालता येत नाही. मग एक दिवस ती थोडी पडू लागते. त्या दिवसाची तारीख लिहून ठेवा. हालचाल परत येऊ लागली म्हणजे लगेच धावायचं नाही. शांत चेहऱ्याच्या फोटोतही रेघ दिसू लागली आणि ती तुम्हाला खुपू लागली, की विचार करायचा. या दोन तारखांमध्ये काहींच्या बाबतीत पाच-सहा आठवडे जातात, आणि ते तुमचे मोकळे आठवडे असतात. माझ्याकडे येणाऱ्या बायकांपैकी काही जणी वर्षात दोनदाच घेतात आणि त्यांचा चेहरा छान असतो. वर्षानुवर्षं घेणाऱ्या काहींचा स्नायू वापराविना थोडा बारीक होतो आणि अंतर आपोआप वाढत जातं. हे डायरीशिवाय कळत नाही. बँकेत नोंदी ठेवण्यात तुमची हयात गेली आहे, ही एक नोंद तुम्हाला जड जाणार नाही.

आता लग्न. इथे मला जरा सविस्तर लिहावं लागेल, कारण लग्नाच्या आठवड्यातलं ते ‘ताजं’ इंजेक्शन मला अस्वस्थ करतंय.

माझ्या व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत एक वरमाई आली होती. मुलाच्या लग्नाला नऊ दिवस उरले होते. मी नको म्हणायला हवं होतं. तिच्या आग्रहापुढे मी वाकले आणि इंजेक्शन दिलं. सहाव्या दिवशी तिची डावी पापणी अर्धी खाली आली. भुवयांमध्ये दिलेलं औषध क्वचित खाली उतरतं आणि पापणी उचलणाऱ्या स्नायूला सैल करतं. ते कायमचं नसतं, काही आठवड्यांत बरं होतं, डोळ्यांत घालायचे थेंबही देता येतात. पण लग्न तिसऱ्या दिवशी होतं. सीमांतपूजनापासून वरातीपर्यंत ती बाई डोळ्याला रुमाल लावून फिरली. पाच आठवड्यांनी डोळा पूर्ण उघडला. ती मला एक शब्दही बोलली नाही, मिठाईचा पुडा मात्र आणून दिला. तो पुडा घेताना झालेली लाज मला आजही आठवते. तेव्हापासून समारंभाच्या चार आठवडे आत मी कुणाला नवं सिटिंग दिलेलं नाही.

म्हणून तारीख मागून मोजायची. लग्न 12 डिसेंबरला. परिणाम पूर्ण व्हायला दोन आठवडे. कुठे भुवई तिरपी उचलली गेली, एखादा बिंदू कमी पडला, तर तो सुधारायला आणखी एक-दोन आठवडे. सुई लागून काळंनिळं झालं तर तेही याच काळात जातं. म्हणजे पाच आठवडे आधी, 5 नोव्हेंबरच्या आसपास. दिवाळीच्या तोंडावर तुमची धावपळ असेल हे कळतंय, पण अर्ध्या तासाचं काम आहे. दोन आठवड्यांनी, 19 नोव्हेंबरला, डॉक्टरांना दाखवायला जा. त्या दिवशी दोन-चार युनिटची डागडुजी लागली तर ती त्याच सिटिंगचा भाग धरतात, तिचा वेगळा पैसा नको आणि तिची सवयही नको. लग्नाच्या दिवशी तुम्ही सहाव्या आठवड्यात असाल. चेहरा स्थिर झालेला, हसू मोकळं, लोकांना फक्त एवढंच वाटेल की वधूची आई झोप पूर्ण झाल्यासारखी दिसतेय.

आता ऑगस्टचं काय? आज तुमच्या मेमधल्या सिटिंगला जवळजवळ तीन महिने होत आले. 5 ऑगस्टला ते पूर्ण होतात. त्या दिवशी घेतलं तर पुढचे तीन महिने बरोबर 5 नोव्हेंबरला भरतात. गणित सुरेख जमतं. पण हेच तुम्ही रेंगाळत 1 सप्टेंबरला घेतलंत, तर पुढची तारीख 1 डिसेंबर येते, म्हणजे लग्नाला अकरा दिवस. तेव्हा घेणं धोक्याचं, आणि नाही घेतलं तर 12 डिसेंबरला आधीचा परिणाम उतरणीला लागलेला असेल. तेव्हा ऑगस्टचा पहिला आठवडा, नाहीतर सरळ नोव्हेंबर. मधला काळ पूर्ण वगळा. ऑक्टोबरचा प्रश्नच उरत नाही.

दोन्हींपैकी तुमच्यासाठी मी ऑगस्ट निवडेन, आणि कारण गणपतीत पाहुणे येणार हे नाही. मात्रा बदलायची असेल, कदाचित डॉक्टरही बदलायचे असतील, तर तो पहिला प्रयोग मुलीच्या लग्नाच्या तोंडावर नको. ऑगस्टमध्ये रंगीत तालीम करून घ्या. योग्य मात्रा घ्या, कुठे किती युनिट ते लिहून घ्या, दोन आठवड्यांनी फोटो घ्या, उतरतं कधी ते पाहा. छान बसलं तर नोव्हेंबरमध्ये तेच डॉक्टर, तेच औषध, तीच मात्रा, नवीन काहीही नाही. जुन्याच ठिकाणी जुन्याच मात्रेत राहायचं ठरवलंत, तर मात्र ऑगस्ट खुशाल सोडून द्या आणि कपाळाला नोव्हेंबरपर्यंत सुट्टी द्या.

इंजेक्शनच्या दिवशीचं थोडं. नंतर चार तास आडवं व्हायचं नाही, जागा चोळायची नाही, त्या दिवशी व्यायाम नाही. आठवडाभर फेशियल, मसाज, वाफ बंद. हळदीच्या दिवशी आईबाबांच्याही गालाला हळद लागते आणि मावश्या काही हळूवार हाताने लावत नाहीत. नोव्हेंबरच्या हिशोबात त्याची काळजी नाही, लग्नाच्या आठवड्यात घेतलं असतंत तर असती. ताप-सर्दी असेल तर तारीख पुढे ढकला. जेंटामायसिन किंवा अमिकासिनसारखं अँटिबायोटिक चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, ती औषधं बोटॉक्सचा जोर वाढवतात. स्नायूंच्या अशक्तपणाचा मायस्थेनियासारखा आजार असेल तर बोटॉक्स घ्यायचंच नाही. आणि हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर काळंनिळं होईल या भीतीने ती स्वतःच्या मनाने बंद करू नका. चेहऱ्यावरचा डाग आठवड्यात जातो.

फिलरकडे वळते. फिलर आणि बोटॉक्स एकाच खोलीत मिळतात म्हणून आपण त्यांना एकाच मापाने मोजतो, पण फिलर ही अगदी वेगळी गोष्ट आहे. ती हायल्युरोनिक अ‍ॅसिडची जेली असते आणि खोल गेलेली जागा ती भरून काढते. ओठांमध्ये ती बहुधा सहा महिने ते वर्षभर टिकते, गालांत त्याहून जास्त. एमआरआय तपासण्यांत वर्षं उलटून गेल्यावरही चेहऱ्यात फिलर सापडलेलं आहे. म्हणून ‘चौदा महिने झाले, भरायची वेळ झाली’ हे कारण पुरेसं नाही. जुनं किती शिल्लक आहे ते हाताने चाचपून, आधीच्या फोटोशी ताडून मगच ठरवायचं. त्यावर भर घालत गेलं की चेहरा सुजल्यासारखा दिसू लागतो, आणि आपल्याला रोज तोच चेहरा दिसत असल्यामुळे ते आपल्याला सगळ्यांत शेवटी कळतं. लग्नासाठी तुम्हाला हे लागेल असं मला पत्रावरून वाटत नाही. अगदी करायचंच असेल तर सप्टेंबर संपायच्या आत करा, म्हणजे सूज, गाठ, कमीजास्त सगळं निस्तरायला दोन महिने हातात राहतात.

रूट कॅनाल त्याच्या आधी उरकून घ्या. दातांच्या कामात तोंडातले जंतू रक्तात जाऊ शकतात आणि नव्या फिलरभोवती संसर्ग होण्याची भीती असते. दाढेचं काम आणि फिलर यांत दोन्ही बाजूंनी किमान दोन आठवड्यांचं अंतर हवं. दुखरी दाढ लग्नघरात कुणालाच नको, तेव्हा ते काम याच महिन्यात.

आणि एक गोष्ट, जी माझ्या अनुभवात क्लिनिकमध्ये घाईघाईने सांगितली जाते. नाकाच्या कडेच्या त्या घडीजवळून चेहऱ्याची मुख्य धमनी जाते आणि तिच्या फांद्या पुढे डोळ्याच्या रक्तवाहिन्यांना मिळतात. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर त्वचेचा रक्तपुरवठा तुटतो, क्वचित दृष्टी जाते. इंजेक्शननंतर जागा पांढरी फटक पडली, जाळीसारखा निळसर-जांभळा चट्टा उमटला, दुखणं कमी होण्याऐवजी वाढत गेलं किंवा दिसायला अंधुक झालं, तर सकाळची वाट पाहायची नाही. त्याच क्षणी डॉक्टरांकडे जायचं. हायल्युरोनिडेज नावाचं औषध ही जेली विरघळवतं, पण ते वेळेत मिळायला हवं. फिलर घेण्यापूर्वी ‘हे औषध तुमच्याकडे आत्ता आहे का?’ असा सरळ प्रश्न विचारा. नाही म्हणाले तर पर्स उचला.

म्हणूनच घरात फक्त मुलीला माहीत आहे ही गोष्ट मला खटकते. डिसेंबरनंतर ती सासरी असेल. रात्री अकराला गाल पांढरा पडला तर ‘काय झालं’ हे सांगण्यातच तुमची वीस मिनिटं जातील. यजमानांना सांगायचं नसेल तर बहिणीला सांगा, शेजारणीला सांगा. कुणीतरी एक माणूस असं हवं ज्याला फोनवर दोन शब्दांत कळेल.

मुलीबद्दल. तिला माझा निरोप द्या की पहिल्यांदा ओठांना फिलर घेण्यासाठी स्वतःच्या लग्नाचा हंगाम हा सगळ्यात वाईट मुहूर्त आहे. ओठ चेहऱ्यावर सगळ्यात जास्त सुजतात. दोन-तीन दिवस तर ओळखू येत नाहीत, काळेनिळे डाग आठवडा-दोन आठवडे राहू शकतात, आणि आकार आवडला की नाही हे सूज उतरल्याशिवाय कळत नाही. तिला वारंवार ओठांवर तापाच्या पुळ्या येत असतील तर सुईने त्या पुन्हा उठू शकतात. अगदीच हट्ट असेल तर सप्टेंबरमध्ये, थोडंसं, अनुभवी हाताकडून. ऑक्टोबरपासून पुढे नाही. लग्नानंतर लवकर बाळाचा विचार असेल तर हेही सांगा की गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना बोटॉक्स आणि फिलर दोन्ही टाळतात. वयाच्या पंचविशीत तिला काय हवंय, ओठ की फोटो, हे तिने एकदा स्वतःला विचारावं. फोटोसाठी मेकअपवाली पुरेशी आहे आणि तिचं काम रात्री धुऊन जातं.

राहिला क्लिनिकचा फोन. तीन सिटिंगचे पैसे तुम्ही भरून बसला आहात, ते बुडतील या धाकानेच बायका लवकर जातात. पुढचा फोन आला की सांगा: ‘तीन महिन्यांच्या आत मी घेणार नाही. उरलेल्या तीन सिटिंगची मुदत वाढवल्याचं मला लेखी द्या, आणि तीनऐवजी दोनच सिटिंग पूर्ण मात्रेत देता येतील का, ते डॉक्टरांशी बोलायला वेळ द्या.’ फोनवर नाही म्हणाले तर हेच मेसेजवर लिहून पाठवा, म्हणजे उत्तर लेखी येईल. डॉक्टर स्वतः भेटायलाच तयार नसतील, किंवा कोणत्या जागी किती युनिट हे सांगत नसतील, तर पैसे गेले तरी चालतील, तिथे पुन्हा जाऊ नका.

आज संध्याकाळी ऑगस्टची 5 आणि नोव्हेंबरची 5 आणि 19 या तारखांवर खूण करा, आणि उद्या सकाळी खिडकीत बसून ते पहिले चार फोटो घ्या. सासऱ्यांची तब्येत आता कशी आहे, तेही कळवा.